शंभर मोजेपर्यंत पाणी

आमच्या दवाखान्यात हल्ली सगळे म्हणतात, झाडं माळ्यानेच मारली. ज्यांनी आयुष्यात एका कुंडीला पाणी घातलं नाही, तेही म्हणतात. तो माळी माझा बाप आहे. मी त्यांना अण्णा म्हणते. मी इथेच धुलाईत कामाला आहे, चादरी धुते, त्यामुळे जे झालं ते सगळं माझ्यासमोर झालं. अण्णांची चूक होती. तीही सांगते. पण नीट ऐका, अर्धवट ऐकून तोंड उचलून बोलायला जाऊ नका.

दवाखान्याच्या फाटकापासून मोठ्या इमारतीच्या पायरीपर्यंत सरळ रस्ता आहे. त्याच्या एका बाजूला सोळा, दुसऱ्या बाजूला पंधरा झाडं होती. सगळे त्यांना रेनट्री म्हणतात. अण्णा नोकरीला लागले त्या वर्षी त्यांनी ती लावली, बावीस वर्षांपूर्वी. तेव्हा मी जन्मलेसुद्धा नव्हते. आई म्हणते, "यांना आधी एकतीस झाली, मग तू." माझा नंबर बत्तिसावा आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही.

झाडं एवढी वाढली, की वरून दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकांत घुसल्या होत्या. पेशंटच्या नातेवाइकांना आत थांबू देत नाहीत. एकालाच पास मिळतो. बाकीचे सगळे या झाडांखाली. तिथेच डबा खायचा, तिथेच झोपायचं, तिथेच रडायचं. डॉक्टर बाहेर येऊन काय ते सांगायचे तेही झाडाखालीच. सुरक्षावाला म्हणायचा, "आत वीस खाटांचा वॉर्ड, बाहेर दोनशेचा. बाहेरचा माळीबुवांचा."

अण्णांची पाणी घालायची एक पद्धत होती. प्रत्येक झाडाला बुंध्याभोवती विटांचं गोल आळं. सकाळी सहाला पाइप घेऊन निघायचे, पाइप आळ्यात टाकायचे आणि मोठ्याने शंभर आकडे मोजायचे. शंभर झाले की पुढचं झाड. कमी नाही, जास्त नाही. रविवार नाही, सुट्टी नाही, ताप नाही. मी आकडे शाळेत नाही शिकले, या रस्त्यावर शिकले. एकदा मी मध्येच "सत्तरनंतर नव्वद" केलं, तर ते थांबले आणि म्हणाले, "त्याचे वीस कुठे गेले? दे त्याचे वीस." मला परत सत्तरपासून मोजायला लावलं.

कुंपणाच्या भिंतीपलीकडे एक पडीक मैदान आहे. आमच्याच झाडांच्या शेंगा तिकडे पडून पाच-सहा झाडं उगवली होती. वाकडीतिकडी, काटकुळी. त्यांना कोणी कधी पाणी घातलं नाही. अण्णा त्यांना बेवारशी म्हणायचे. आमच्या झाडांकडे बघायचे, मग भिंतीपलीकडे बघायचे, आणि म्हणायचे, "निगा म्हणजे काय ते बघ. यांचीच पोरं आहेत ती, पण बघ."

मग पाऊस गेला. पहिल्या वर्षी अर्धा पडला, दुसऱ्या वर्षी पडलाच नाही. दवाखान्याची बोअर आधी खडखडली, मग नुसती हवा सोडायला लागली. नळाला एक दिवसाआड पाणी आलं, मग तीन दिवसांनी. धुलाईत आम्ही चादरी एकदाच खंगाळायला लागलो. मोठ्या साहेबांनी कागद काढला, की बागेचा नळ बंद. वायरमन, जो नळाचंही बघतो, पाना घेऊन आला आणि त्याने अण्णांच्या समोर नळाचं तोंड काढून बूच मारलं.

"मनाला लावून घेऊ नका माळीबुवा," तो म्हणाला. "झाडंच आहेत. माणसांना प्यायला नाहीये."

"मी माणसांचं मागितलं का?" अण्णा म्हणाले.

ते माणसांचं पाणी खरंच कधी घेत नव्हते. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एसीच्या नळ्यांखाली डबे लावले. मूत्रपिंडाच्या पेशंटचं रक्त धुवायचं मशीन आहे, त्याला लागणारं पाणी गाळताना बरंच वाया जातं. ते आधी गटारात जायचं. अण्णांनी तिथल्या सिस्टरच्या हातापाया पडून ते पिंपात घ्यायला सुरुवात केली. दवाखान्याच्या आवारातच आमची खोली आहे, तिथलं भांड्यांचं पाणी, भाजी धुतलेलं पाणी, सगळं बादलीत.

आई एक दिवस तोंड धूत होती. डोळ्यांवर साबण होता तसाच तिचा हात धरून ते म्हणाले, "बादलीत धू. बादलीत."

"आता थुंकू कुठे तेवढं सांगा," आई म्हणाली. "का त्याचाही हिशेब एकतीसने करणार?"

मी हसले. अण्णा हसले नाहीत. ते खरोखर विचार करत होते.

सगळं मिळून दिवसाला वीस-बावीस बादल्या व्हायच्या. झाडं एकतीस. मी म्हटलं, "आज सोळांना घाला, उद्या पंधरांना." ते म्हणाले, "आणि उद्यावाल्यांनी आज काय करायचं?" म्हणून प्रत्येकाला पाऊण बादली, कधी अर्धी. माझी ड्यूटी दोनला संपायची, मग मी बादल्या वाहायचे. तळपायाला डांबर भाजायचं. पाणी आळ्यात पडलं की चर्र करून गायब व्हायचं, पाच मिनिटांत वरची माती पुन्हा राखेसारखी.

या झाडांची पानं संध्याकाळी मिटतात. सकाळी उन्हं आली की उघडतात. आम्हाला ते इतकं अंगवळणी पडलं होतं, की कोणी बघायचंसुद्धा नाही. एक दिवस सकाळी मी धुलाईला निघाले तर अण्णा सातव्या झाडाखाली मान वर करून उभे होते.

"उठलं नाही," ते म्हणाले.

"काय?"

"सकाळ झाली तरी उठलं नाही हे. बघ की."

पानं मिटलेलीच होती. दहा वाजता मिटलेली, बारा वाजता मिटलेली. तीन दिवसांनी ती पिवळी पडून ढिगाने गळली. मग नववं, मग समोरच्या बाजूची चार. नातेवाईक सावली बघून सरकत गेले. उरलेल्या झाडांखाली एवढी गर्दी, की एकाचे पाय दुसऱ्याच्या डब्यात. जागेवरून भांडणं व्हायला लागली. एका म्हातारीला उन्हात चक्कर आली, तिला स्ट्रेचरवर घालून आत नेलं. आली होती सुनेला बघायला, आणि झोपली सुनेच्या शेजारच्या खाटेवर.

बुंध्याशी पिवळा भुसा दिसायला लागला, बारीक, रव्यासारखा. अण्णांनी बोटावर घेऊन वास घेतला. आत भुंगा लागला होता. झाड धडधाकट असताना भुंगा आत शिरला तर झाड चीक सोडून त्याला बाहेर ढकलतं. चीक सोडायलाही पाणी लागतं. ते कुठून आणायचं? अण्णा लोखंडी तार घेऊन एकेक भोक उकरत बसायचे. एकतीस झाडं, एक माणूस, एक तार.

मग ती फांदी पडली. वारा नाही, काही नाही, दुपारी अडीचची वेळ. बंदुकीसारखा आवाज आला आणि बाराव्या झाडाची मांडीएवढी जाड फांदी स्कूटर स्टँडच्या पत्र्यावर. खाली कोणी नव्हतं, नशीब. चार गाड्या चेपल्या. त्यातली एक मोठ्या साहेबांच्या मेव्हण्याची होती, म्हणून दुसऱ्याच दिवशी झाडांच्या खात्याला फोन गेला.

त्या खात्याची बाई आली. तिशीची असेल, टोपी घातलेली, पायात बूट, बरोबर कुदळवाला एक माणूस. मोठे साहेब म्हणाले, "सगळीच काढून टाका मॅडम, धोका नको. पार्किंग तरी होईल." अण्णा दोन पावलं मागे उभे होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. झाडांचं बघायला कोणीतरी शिकलेलं येतंय म्हणून. त्यांना वाटलं, आता कळेल, एवढ्या कोरड्यातही आपण काय काय केलं ते.

बाईने एकेका झाडाची साल नखाने खरवडून बघितली. मग विचारलं, "पाणी कोण घालतं?"

"मी," अण्णा पुढे झाले. "बावीस वर्षं. रोज. शंभर मोजेपर्यंत, प्रत्येकाला सारखं. एक दिवस चुकवला नाही मॅडम, कोणालाही विचारा."

बाईने कुदळवाल्याला आळ्याच्या आत खणायला सांगितलं. वीतभर माती काढली तर खाली मुळांची नुसती चटई. केसांसारखी, गुंतलेली, वाळून कडक. कुदळ लावली की कुडकुड मोडायची. त्याखाली हातभर खणलं, मुळं जवळजवळ नाहीतच. मग ती भिंतीपलीकडे गेली, त्या बेवारशी झाडांकडे. ती उंचीने निम्मी होती, पण त्यांची पानं उघडी होती. सगळ्या गावात नीट हिरवं काही असेल तर तेवढंच. तिथे खणलं तर वर काही नाही, आणि खाली खाली मनगटाएवढं मूळ सरळ उतरत गेलेलं. कमरेइतका खड्डा झाला तरी मूळ खालीच.

अण्णा खड्ड्याच्या काठावर बसले. बाईला काही बोलायची गरज पडली नाही, तरी ती बोलली. हळू बोलली, पण बोलली. "रोज थोडं थोडं वरच्यावर मिळालं, काका. खाली जायची यांना गरजच पडली नाही. पिणारी मुळं अशीही बुंध्यापाशी नसतात, फांद्यांच्या टोकाखाली असतात. आठवड्यातून एकदा भरपूर, लांबून आणि खोल घातलं असतं तर..."

"ओ मॅडम," मी म्हटलं. "तुम्ही बावीस वर्षं कुठे होतात? तेव्हा येऊन सांगायचं. आता टोपी घालून येताय खड्डे खणायला."

"गप्प बस," अण्णा म्हणाले.

"का गप्प बसू? तुम्हाला कोणी शिकवलं होतं का? एक कागद दिला होता का कोणी?"

"गप्प बस म्हटलं ना." मग ते बाईकडे बघून म्हणाले, "म्हणजे मी घातलं नसतं तर जगली असती."

बाईने मान खाली घातली. मला वाटलं, आता तरी हिने खोटं बोलावं. नाही बोलली.

तिने वाईट नाही वागवलं, तेही सांगते. मोठ्या साहेबांना ती म्हणाली, सगळी काढायची नाहीत, काही वाचतील. सांडपाणी शुद्ध करतात त्या केंद्राचा एक टँकर ती वीस दिवसांनी एकदा पाठवू शकत होती. त्यात आठ झाडांचं भागेल. नऊचं नाही. एकतीसांत वाटलं तर एकही राहणार नाही. जी मेलीच आहेत ती जातीलच, पण दहा-बारा अशी आहेत की जगूही शकतात. "त्यातली आठ काका, तुम्ही ठरवा. तुम्हाला जास्त माहीत आहेत." आणि चुन्याचा डबा ठेवून गेली. ठेवायच्या झाडांना पट्टा मारायचा, बाकीची कापली जाणार.

दोन दिवस डबा तसाच. अण्णा जेवायला बसायचे आणि उठायचे. आई म्हणाली, "मारा डोळे मिटून." अण्णा म्हणाले, "डोळे मिटूनच तर बावीस वर्षं केलं."

तिसऱ्या दिवशी मी ब्रश घेतला. "चला, मी मारते. तुम्ही फक्त हो म्हणा." पहिल्यापाशी गेलो, ते हो म्हणेनात. नाही पण म्हणेनात. मी विचारलं, "सातवं? ते तर तुमचं लाडकं." ते पहिलं मिटलेलं झाड. त्यांनी साल खरवडली. आत अजून हिरवी रेघ होती, दोऱ्याएवढी. त्यांनी हात सालीवर तसाच ठेवला. मग म्हणाले, "हे नको. फाटकाजवळची चार घे, आणि वॉर्डाच्या पायरीजवळची चार. तिथे माणसं जास्त बसतात."

"पण हे जिवंत आहे अण्णा."

"माहीत आहे मला, जिवंत आहे."

मी आठ पट्टे मारले. तेविसांवर करवत चालली. चार दिवस मशीनचा आवाज. धुलाईत आमची मशीनं चालू असूनही तो ऐकू यायचा. सातवं कापलं तेव्हा मी मुद्दाम खिडकी लावून घेतली. वायरमन दारात येऊन म्हणाला, "माळीबुवांनी प्रेमाने बुडवली बघ." मी ओली चादर त्याच्या तोंडावर मारली. साहेबांपर्यंत तक्रार गेली. जाऊ दे.

टँकर यायच्या आधी अण्णांनी आणि मी आठही झाडांची आळी फोडली. विटा उपटल्या. मग फांद्यांच्या टोकाखाली पहारेने भोकं पाडली, कमरेइतकी खोल, प्रत्येक झाडाभोवती दहा. जमीन एवढी तापून वाळली होती, की पहार वाजायची, दगडावर मारल्यासारखी. माझ्या हाताची सालटं निघाली. अण्णांना खोकला झाला तरी थांबेनात. टँकर आला, पाणी भोकांत सोडलं, गुडगुड करत खाली गेलं. जाताना बाई म्हणाली, "आता वीस दिवस हात लावायचा नाही. मध्ये वरून घातलं तर मुळं परत वर येतील. कोमेजली तरी घालायचं नाही."

हे सोपं वाटतं ऐकायला. बावीस वर्षं रोज सकाळी सहाला ज्या माणसाने पाइप उचलला, त्याला सांगा, आता बसून बघ.

पहिले पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी पायरीजवळचं एक झाड मिटलेलंच राहिलं. अण्णा फेऱ्या मारायला लागले, फाटक ते पायरी, पायरी ते फाटक. नवव्या दिवशी सकाळी मला जाग आली तर त्यांची चटई रिकामी. मी अनवाणी पळाले. ते त्या झाडाच्या बुंध्याशी उकिडवे बसले होते, हातात त्यांच्या स्वतःच्या प्यायच्या पाण्याची बाटली, झाकण काढलेली.

"अण्णा, आणा ती."

"एवढंच. माझ्या वाटचं आहे. मी कोणाचं घेतलं नाही."

"तुम्ही काल पण नाही प्यायलात का पाणी?"

त्यांचे ओठ फुटलेले होते, मला आत्ता दिसलं. मी बाटली धरली. त्यांनी सोडली नाही. आम्ही बापलेक त्या रस्त्यावर एका बाटलीसाठी झोंबत होतो आणि समोर नातेवाईक उठून बसून बघत होते. शेवटी मी त्यांचं मनगट पिरगाळलं. माझ्या बापाचं. पाणी त्यांना जबरदस्तीने पाजलं, अर्धं शर्टावर सांडलं. ते लहान मुलासारखे रडले. म्हणाले, "मला नाही जमत गं. हात थांबतच नाही. मी यांना पण मारणार."

त्याच दिवशी दहा वाजता ते मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले. मी दाराबाहेर होते. मला वाटलं, आणखी पाणी मागतील. ते म्हणाले, "मला बागेतून काढा. आत कुठेही द्या काम. फरशी पुसायचं द्या."

साहेब म्हणाले, "अहो, तीनच वर्षं राहिलीत तुमची. माळ्याचं काम आता कोण करणार?"

"ही करेल. ही ऐकते."

मी आयुष्यात कोणाचं ऐकलं नाही, शाळेतल्या बाईंचं नाही, आईचं नाही. अण्णांना हे चांगलं माहीत होतं.

आता ते वॉर्डात फरशी पुसतात. मी सकाळी चादरी धुते आणि दोननंतर झाडं बघते. म्हणजे काहीच करत नाही. वीस दिवस मोजते आणि टँकरची वाट बघते. एकदा तो आठ दिवस उशिरा आला, कारण वस्तीत आग लागली होती, तिकडे गेला. त्या आठ दिवसांत फाटकाजवळची दोन गेली. पायरीजवळची दोन त्याआधीच गेली होती. चार आहेत. पाऊस अजून नाही. चारांतल्या एकाची पानं सकाळी अर्धीच उघडतात. नातेवाईक आता भिंतीच्या चार बोटं सावलीला पाठ लावून उभे असतात, आणि उन्हाने वैतागले की माळ्याला शिव्या घालतात. मला बघून पण घालतात. मी परत घालते.

घरी अण्णा झाडांचं नाव काढत नाहीत. मी पण नाही. वॉर्डाची मोठी खिडकी झाडांच्या त्या रस्त्यावर उघडते. सिस्टर रोज ओरडते, की हा माणूस सगळी फरशी आरशासारखी पुसतो, पण खिडकीसमोरची दोन हात जागा तशीच सोडतो, सांगून सांगून थकले. ती जागा मी पुसते, दोन वाजता ड्यूटी संपल्यावर, बाहेर जायच्या आधी.